मीठ, हळद, लसूण आणि कोवळी कोंबडी

'मॅरिनेड' या शब्दाला मराठीत चपखल शब्द नाही. आपण 'मसाला लावून ठेवणं' म्हणतो, फार तर 'मुरत ठेवणं'. पण मुरतं ते लोणचं, मुरतो तो मोरांबा, आणि 'मुरलेला' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो एखादा राजकारणी. कोंबडी मुरते असं आमच्या भंडाऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. युरोपातला शब्द आला आहे समुद्रावरून. लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र, आणि खाऱ्या पाण्यात मासे-मांस बुडवून ठेवायची जी रीत, तिच्यावरून हे नाव पडलं. भंडाऱ्याला समुद्र कुठला? जवळात जवळचा किनारा पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. मीठसुद्धा रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर इकडे यायचं.

एखाद्या गोष्टीला शब्द नसला की दोन शक्यता असतात. एक तर ती गोष्ट इतकी रोजची की नाव द्यायची गरजच पडली नाही, किंवा मग ती गोष्टच नव्हती. भाजायच्या कोंबडीला मसाला लावून चार तास ठेवणं, यातली कुठली शक्यता? हा प्रश्न मला पडायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्याकडे दह्यावरून वाद होतो. मोठे बाबा (म्हणजे माझे थोरले काका, विदर्भाबाहेरच्यांसाठी खुलासा) ठामपणे सांगतात, की दही लावलं की कोंबडी पंजाबी झाली, आपली राहिली नाही. घरातल्या तरुण पोरांना दह्याशिवाय भाजलेली कोंबडी ही कल्पनाच करवत नाही. आजी होती तेव्हा तिचा निकाल याहून सोपा असायचा : "दही काहाले लावतेस रे? कोंबडी हाये का कढी?"

बरं, आधी कृती सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढीच हवी ते मोकळे.

एक किलो कोंबडी घ्यायची, शक्यतो तंगड्या आणि मांड्या. छातीचं मांस निखाऱ्यावर लवकर कोरडं पडतं. सुरीनं हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्यायच्या. दोन चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका लिंबाचा रस चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. तोवर पंधरा पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, मूठभर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीचा संबंध नाही), चार-सहा मिरे आणि एक चमचा धणे वाटून घ्यायचे. पाट्यावर वाटलं तर फारच छान, मिक्सरमध्ये वाटलं तरी कोणी पोलिसात देत नाही. त्यात दोन चमचे लाल तिखट आणि दोन मोठे चमचे तेल. तेल जवसाचं मिळालं तर आधी तापवून गार करून घ्यायचं, नाहीतर फल्लीचं. हे सगळं चिरांमध्ये भरून दोन ते चार तास फ्रीजमध्ये. मग ज्वाळ पूर्ण बसलेल्या, वर राखेची साय धरलेल्या निखाऱ्यांवर उलटसुलट करत अर्धा तास. हाडाजवळ टोचल्यावर पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नाही. झालं.

यात दही नाही. पण म्हणून ही कृती 'आपली, जुनी' आहे का? इथेच खरी गंमत सुरू होते.

आधी कोंबडी घेऊ. आमचा जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. कोहळी समाजानं बांधलेली तलावं, त्यांच्या पाण्यावरचा भात, आणि बांधाबांधावरून टोचा मारत फिरणाऱ्या कोंबड्या, हे चित्र मला इतकं स्वाभाविक वाटायचं की त्यामागे काही गोष्ट असेल असं कधी मनात आलं नाही. २०२२ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. जगभरच्या जुन्या हाडांच्या तारखा पुन्हा तपासून त्यात असं मांडलं गेलं, की पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातले. आणि रानातून कोंबडीला माणसाजवळ आणलं ते भातानं आणि भरड धान्यानं. शेतात सांडलेला दाणा टिपायला ती आली आणि राहिली. म्हणजे धानाच्या बांधावरची कोंबडी हे चित्र साडेतीन हजार वर्षं जुनं आहे. (आधीच्या पुस्तकांतून सिंधू संस्कृतीच्या कोंबड्यांबद्दल बरंच वाचलेलं असतं. त्यावर आता प्रश्नचिन्ह लागलं आहे.)

दुसरी गोष्ट याहून जवळची. भारतात रानकोंबडे मुख्यतः दोन, लाल आणि करडे. ढोबळमानानं गोदावरीच्या उत्तरेला-पूर्वेला लाल रानकोंबडा, दक्षिणेला-पश्चिमेला करडा, आणि मध्य भारत हा दोघांच्या राज्यांचा सीमाभाग. पाळीव कोंबडी लाल रानकोंबड्याची वंशज, हे तर डार्विनपासून मानलं जातं. पण २००८ साली स्वीडनमधल्या अभ्यासकांनी दाखवलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण लाल पूर्वजाकडून आलेलाच नाही, तो आला आहे करड्याकडून. करडा रानकोंबडा भारताबाहेर कुठेच नाही. तेव्हा जगात कुठेही पिवळ्या पायाची कोंबडी दिसली तर तिच्यात थोडी दख्खन आहे असं म्हणायला हरकत नाही. 'आपलं' आणि 'बाहेरचं' यावर भांडणाऱ्या मोठ्या बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? दह्याचा काय संबंध?" असो.

आता भाजण्याकडे येऊ. कोंबडी भाजायची तर ती कोवळी हवी, हे ज्यानं एकदा म्हातारी गावरानी कोंबडी निखाऱ्यावर ठेवून पाहिली आहे त्याला सांगायला नको. दोन वर्षं अंडी घातलेल्या, दिवसभर उकिरडे पालथे घालणाऱ्या कोंबडीचं मांस दोरखंडासारखं असतं. निखाऱ्यावर ते आणखी आवळतं. त्याला कुठलाही मसाला, कितीही तास लावा, उपयोग शून्य. कारण मीठ सोडलं तर मसाल्यातलं जवळपास काहीच मांसात खोल शिरत नाही. लसूण, धणे, तिखट हे सगळं वरवरच्या एखाद-दोन मिलिमीटरमध्ये बसून राहतं, म्हणून तर चिरा द्यायच्या. आंबट पदार्थ वरचा थर मऊ करतो, आतला नाही. लिंबात रात्रभर ठेवली तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि आत दोरखंड तसाच. म्हाताऱ्या कोंबडीला एकच उपाय, पाणी आणि वेळ. दोन-तीन तास मंद उकळी.

आणि कोवळी कोंबडी मारणं म्हणजे काय? जी पुढे शंभर अंडी देणार ती तलंग कापणं. किंवा कोंबडा असेल तर बाजारात विकून मीठ-तेल आणायचं सोडून तो चुलीत घालणं. हे कोणाला परवडायचं?

राजांना परवडायचं. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात प्राण्यांच्या रक्षणाची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात एक छोटासा हुकूम आहे, की कोंबडे खच्ची करू नयेत. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दयाधर्माची एक ओळ म्हणून पुढे गेलो असतो. पण कोंबडा खच्ची करतात कशासाठी? तो भांडत नाही, धावत नाही, चरबी धरतो आणि मोठा झाला तरी मांस कोवळं राहतं, म्हणून. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बंदी घालावी लागली याचा अर्थ खच्ची कोंबड्यांचा शौक तेव्हा चांगलाच रुळलेला असणार. कोवळ्या मांसाचा हा बहुधा आपल्याकडचा सर्वांत जुना लेखी पुरावा. आमच्या भागात हे हुकूम पोचले होते का? पवनीपासून फार लांब नाही, आज चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक म्हणून गाव आहे. तिथे सापडलेल्या एका शिळेवर मौर्यकाळातला लेख आहे आणि वा. वि. मिराशींच्या वाचनाप्रमाणे तो प्राणी धरण्या-मारण्यावर बंदी घालणारा हुकूम आहे. पवनीत १९६९-७० साली उत्खनन झालं, वैनगंगेच्या काठावर मोठे स्तूप निघाले. म्हणजे तिथल्या कोणा उपासकाच्या कानावर तरी 'कोंबड्यांना त्रास देऊ नका' हे गेलं असेल असं मानायला जागा आहे. (किती जणांनी ऐकलं हा प्रश्न वेगळा.)

नंतरच्या ग्रंथांत कोंबडीची अवस्था फार मजेशीर आहे. चरकसंहिता सांगते की बळ देणाऱ्या गोष्टींत कोंबडा श्रेष्ठ. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो की द्विजानं जाणूनबुजून गावचा कोंबडा खाल्ला तर तो पतित होतो. आणि त्याच श्लोकात त्याच शिक्षेला कोण कोण पात्र आहे पाहा : लसूण आणि कांदा! माझ्या वर दिलेल्या मसाल्यातला जीवच तो. म्हणजे एकाच श्लोकानं कोंबडी आणि तिचा मसाला दोन्ही हद्दपार. याचे परिणाम आमच्या पिढीपर्यंत पोचलेले मी पाहिले आहेत. कोंबडी 'खाणाऱ्या' घरांतसुद्धा ती स्वयंपाकघरात शिजायची नाही. अंगणात तीन दगडांची चूल, वेगळा गंज, वेगळी पळी, आणि करणारे बहुधा पुरुष. ज्या वस्त्यांना गावाबाहेर ठेवलं होतं त्यांना असला आडपडदा नव्हता, पण तिथे कोंबडी कापायची ऐपत वर्षातून दोन-तीनदाच. एकाला परवानगी नाही, दुसऱ्याला परवडत नाही, अशी ही दोन टोकं. पाककृतींची पुस्तकं मात्र लिहिली पहिल्यांनी. दुसऱ्यांच्या चुलीबद्दल शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला २०१५ साल उजाडावं लागलं, आणि तेही मराठवाड्याबद्दल. झाडीपट्टीच्या चुलीबद्दल असं पुस्तक मला अजून वाचायचं आहे.

दह्याबद्दल आजीचा निकाल मात्र चक्क शास्त्रोक्त निघाला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात विरुद्ध आहाराची यादी आहे आणि तिच्यात कोंबडा दह्याबरोबर खाऊ नये असं स्वच्छ सांगितलं आहे. आजीनं वाग्भट वाचला नव्हता, तिला अक्षरओळखही जेमतेम होती. आणि वाग्भटाचं म्हणणं आजच्या शास्त्रानं खरं ठरतं असंही नाही, निम्मा भारत दह्यातली कोंबडी खाऊन खुशाल आहे. पण एवढं कळतं की दही-कोंबडी ही जोडी तेव्हा लोकांच्या ताटात होती. जे कोणी करतच नाही त्याला मनाई कशाला कोण लिहील?

आणि मग 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं ११२९ च्या सुमारास हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, सोलापूर-लातूरकरांच्या शेजारचं. (त्याच शतकाच्या सुरुवातीच्या रतनपूरच्या एका लेखात 'भाणारा' असा उल्लेख येतो, तो आमचा भंडारा असं मानतात. म्हणजे एकीकडे सोमेश्वराची मेजवानी आणि दुसरीकडे आमचं गाव, दोन्ही एकाच काळातले.) या ग्रंथात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे आणि त्यात भाजलेल्या मांसाचे प्रकार भरपूर. सळईवर भाजलेले तुकडे आहेत. काळजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून, मसाल्यात परतून मग दह्यात किंवा काळ्या मोहरीच्या पाण्यात टाकलेले आहेत. हा क्रम नीट पाहा. आधी भाजलं, आंबट नंतर. आपण आज नेमकं उलटं करतो. आणि मिरची अर्थातच कुठेही नाही. तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा, मोहरीचा.

काळजाचं वाचून मात्र मी थबकलो. कारण आमच्याकडे कोंबडी कापली की भाजली जायची ती एवढीच एक गोष्ट. कोंबडीची पिसं काढून तिला जाळावर फिरवायचं, हळद चोळायची, मग तुकडे. ते सगळे गंजात. आणि काळीज मात्र मीठ-हळद लावून, कधी पळसाच्या पानात गुंडाळून, चुलीतल्या इस्तवावर. ते पोरांचं. कोंबडी कितीही म्हातारी असो, काळीज कोवळंच असतं! राजाच्या मेजवानीतला आणि आमच्या अंगणातला हा एकच समान पदार्थ, आणि दोन्हीकडे कारण तेच असावं असं मला वाटतं.

बाकीची कोंबडी गंजात का जायची, हे समजून घ्यायला आमच्याकडची मंडई पाहायला हवी. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगाव एकेक दिवस ठरवून मंडई भरते. धान कापणीला आलेलं किंवा नुकतं कापलेलं असतं. दिवसा जत्रा, रात्री दंडार किंवा नाटक. आणि घरी पाव्हणे. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, नाटक पाहायला आलेले आणि रात्री मुक्कामाला थांबलेले. माझ्या लहानपणी आमच्या घरी मंडईच्या रात्री पंधरा-वीस पानं सहज व्हायची, आणि कोंबड्या दोन. जास्तीत जास्त तीन. आता दोन कोंबड्या वीस माणसांत भाजून वाटा बरं? भाजताना चरबी टपकून निखाऱ्यात जाते, पाणी वाफ होऊन जातं, किलोची कोंबडी पाऊण किलो होते, आणि शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला एक घास. पण तीच कोंबडी गंजात घाला. धणे, खसखस, दगडफूल, सुकं खोबरं भाजून पाट्यावर वाटा, वर जवसाच्या तेलाची लाल तर्री आणा, आणि मग पाणी. पाव्हणे वाढले की पाणी वाढवा. भाताच्या ढिगात खड्डा करून त्यात रस्सा ओतला, की वीस माणसं पोटभर जेवतात, आणि फोडी कोणाला आल्या कोणाला नाही याची चर्चा दुसऱ्या दिवशी होते. कोंबडीतला कणही वाया गेलेला नसतो. क्लोद लेव्ही-स्त्रोस नावाच्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानं साठच्या दशकात लिहून ठेवलं, की उकडण्यात काटकसर आहे आणि भाजण्यात उधळपट्टी, म्हणून भाजलेलं ते सरदारांचं आणि उकडलेलं ते सामान्यांचं. आमच्या आजीला हे ऐकून नवल वाटलं नसतं. तिनं एवढंच विचारलं असतं की हे कळायला फ्रान्सला कशाला जावं लागलं.

सावजी रस्सा आज नागपूरच्या हॉटेलांमुळे गाजतो आहे. तो मुळात हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचा. आमच्या पवनी, मोहाडी, आंधळगावकडेही हे विणकर आहेत. त्या रश्श्याच्या झणझणीतपणाची लोक तारीफ करतात. मला त्यात हिशेब दिसतो. तिखट जितकं जहाल तितकी थोडी फोड जास्त भाताला पुरते.

मिरचीबद्दल फार लिहीत नाही, पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणली हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. एवढंच की आपण तिला नाव दिलं ते मिऱ्यावरून, आणि काही पिढ्यांत ती इतकी घरची झाली की भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. भिवापूर नागपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, पवनीचं शेजारी. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो तीही अमेरिकेची, फल्लीही अमेरिकेचीच. तेव्हा मोठ्या बाबांच्या कसोटीनं माझ्या बिनदह्याच्या मसाल्यातलं तिखट आणि तेल दोन्ही परदेशी, आणि बिचारं दही तेवढं वाग्भटाच्या काळापासून इथलं!

एक गोष्ट मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाही, ती मला आमच्या गावामुळे सुचली. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. तांबटांची ठोकठोक ऐकतच इथल्या पिढ्या वाढल्या. घरात भांडी सगळी पितळेची, आणि पितळेत आंबट ठेवायचं नाही हा घरातला पहिला नियम. कल्हई असली तर ठीक, कल्हई उडाली असेल तर दही, चिंच, लिंबू काहीही दोन-चार तास राहिलं की ते कळकतं, हिरवं होतं, आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. आता अशा घरात कोंबडीला लिंबू-दही चोळून रात्रभर ठेवणार कशात? मातीच्या भांड्यात ठेवता येईल, पण मांस ठेवलेलं मडकं पुन्हा दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. आणि ठेवणार कुठे? मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसवर जातो. सकाळी कापलेली कोंबडी दुपारपर्यंत शिजायलाच हवी. म्हणजे मॅरिनेशनला नुसता मसाला लागत नाही, स्टील किंवा काच लागते आणि फ्रीज लागतो. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे आल्या कधी? स्टील माझ्या आईच्या लग्नात थोडंसं आलं. फ्रीज त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि वीज असेल तेव्हा चालणारा.

मसाला लावून मांस टिकवायची जी जुनी रीत होती ती वेगळीच. मीठ-हळद लावून पट्ट्या उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. ते टिकवणं होतं, कोवळं करणं नव्हे.

मग भाजलेली कोंबडी आली कुठून? रस्त्यानं आली, असं मी म्हणतो. मुंबई-कलकत्ता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा आमचा जिल्हा आडवा कापत जातो. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता तो ५३ नंबरचा झाला आहे. ट्रकांबरोबर ढाबे आले आणि ढाब्यांबरोबर तंदूर. त्या तंदुराची गोष्ट फाळणीची आहे. पेशावरच्या मोती महल नावाच्या हॉटेलातले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी १९४७ साली निर्वासित होऊन दिल्लीत आले आणि दर्यागंजला त्याच नावानं त्यांनी हॉटेल काढलं. दह्यात मुरवलेली, मातीच्या तंदुरात उभ्या सळईवर भाजलेली कोंबडी भारतभर पसरली ती तिथून. तंदूर त्यांनी शोधला असं नव्हे, कालीबंगनच्या उत्खननातही तंदुरासारख्या भट्ट्या निघाल्या आहेत. पण पंजाबातली रोटीची भट्टी हॉटेलात आणून तिच्यात कोंबडी लटकवणं आणि ते देशाला खायला घालणं, हे या लोकांचं. आता त्यांच्या वारसांमध्ये बटर चिकनचा खरा जनक कोण यावरून वाद आहे, २०२४ साली तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. घरदार सोडून आलेल्या माणसांनी पोटासाठी जे केलं, त्याच्या मालकीवर नातवंडं भांडतायत. आमच्या घरातला वाद त्या मानानं स्वस्तातला म्हणायचा.

पण ढाब्यावरची तंदुरी सुरुवातीला महागच होती, माणसी अर्धी कोंबडी कोण खाणार? ती सामान्य माणसाच्या ऐपतीत आली ब्रॉयलरमुळे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे त्या उद्योगाचं मोठं केंद्र झालं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कोंबडी हा प्राणी बदलला. गावरानी पिल्लाला किलोभर व्हायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलो होतं. अशोकाच्या काळात ज्यासाठी कोंबडा खच्ची करावा लागे, तो कोवळेपणा आता पिंजऱ्यात आपोआप मिळतो. आयुष्यात चार पावलं न चाललेलं मांस ते, कोवळं नसेल तर काय! त्याला चव नसते अशी सगळ्यांची तक्रार असते. माझीही आहे. म्हणूनच तर मसाला लागतो. म्हाताऱ्या कोंबडीला चव होती पण दात हवे होते, हिला दात नकोत पण चव बाहेरून लावावी लागते.

याच कारणानं मला वाटतं, की साधासोपा म्हणून जो मसाला मी वर दिला, तो माझ्या ताटातली सर्वांत नवी गोष्ट आहे. हळद जुनी, लसूण जुना, निखारे तर माणसाइतके जुने. पण ते सगळे एका कोवळ्या कोंबडीवर, साध्या रविवारी, राजा नसलेल्या माणसाच्या घरी एकत्र यायला १९८०-९० साल उजाडावं लागलं. मोठे बाबा ज्याला 'आपलं जुनं' म्हणतात ते त्यांच्या चाळिशीत सुरू झालेलं आहे. त्यांच्या बालपणी भाजलेली कोंबडी होतीच कुठे? त्यांनाच विचारलं, तर जरा वेळानं म्हणाले, "काळीज भेटे. तेबी पाच जणांत एक."

दह्याचं म्हणाल तर मी दोन्ही करून पाहिलं आहे. दही लावलं तर वरचा थर छान धरतो, करपायला वेळ लागतो, म्हणून ज्यांना निखाऱ्याचा अंदाज नाही त्यांनी जरूर लावावं. चक्क्यासारखं घट्ट, पाणी काढलेलं, अर्धी वाटी, आणि मग लिंबू अर्धंच. जवसाच्या तेलाबरोबर मात्र दही मला जमलेलं वाटत नाही, तिथे फल्लीचं बरं. आणि एक. अख्खी कोंबडी आणली तर मान, पाठ, पंखांची टोकं आणि पंजे भाजायला घेऊ नका, त्यावर मांसच नसतं. आमच्याकडे ते बाजूला काढून गंजात जातात, कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून दोन तांबे पाणी. निखारे तयार व्हायला तसाही तासभर लागतो, तेवढ्यात रस्सा होतो, आणि रविवारी दुपारी अचानक कोणी आलं तर तोच पुरतो.